डोळ्याचं ऑपरेशन आणि उलटी : पेशंटबरोबर पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी एका आजोबांना विचारलं, "गाडी लागते का?" आजोबा ऐटीत म्हणाले, "नको नको, आमची खाली उभी आहे." सगळे हसले आणि प्रश्न तिथेच राहिला. आजोबांना एसटीत बसलं की घाट सुरू व्हायच्या आत उलटी होते, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. तोवर ऑपरेशन झालं होतं आणि मी हातात ट्रे धरून उभी होते.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात भूल उतरत असलेल्या पेशंटजवळ बसणं हे माझं काम. हे लिहितेय ते पहिल्यांदाच सोबतीला येणाऱ्यांसाठी: आईला मोतीबिंदूसाठी आणणारी मुलगी, लेकराच्या तिरळेपणाच्या ऑपरेशनला आलेले आईबाप, सासऱ्यांना पडद्याच्या ऑपरेशननंतर पालथं झोपवायचं म्हणून रजा टाकलेला जावई. कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यांना नीट ठरवता यावं म्हणून तुम्ही काय सांगायचं, घरी काय करायचं आणि फोन कधी लावायचा, ते इथे आहे.

पहिलं काम : ऑपरेशन कोणतं ते नीट समजून घ्या

"डोळ्याचं ऑपरेशन" एवढंच सांगून भागत नाही. उलटीच्या बाबतीत प्रत्येक ऑपरेशनचा स्वभाव वेगळा.

मोतीबिंदूचं आजचं फेको ऑपरेशन बहुतेकदा नुसते थेंब टाकून किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन होतं. छेद दोन-तीन मिलिमीटरचा, टाका सहसा नाही. पूर्ण भूल नसल्यामुळे उलटीही क्वचितच होते. तुमचं काम हेच असेल तर पुढचं सगळं वाचून घाबरू नका. उपाशीपोटाचा, गोळ्यांचा आणि 'पित्ता'चा भाग मात्र वाचाच.

तिरळेपणाचं ऑपरेशन हे उलटीसाठी सगळ्यात बदनाम. यात बुबुळाला हात लागत नाही, डोळा हलवणारे स्नायू सरकवून बसवतात. ते ओढले की ट्रायजेमिनल नावाच्या, डोळ्याची आणि चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेतून निरोप मेंदूत जातो आणि तिथून हृदयाकडे व पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेत उतरतो. डोळ्यावर दाब आला की नाडी मंदावते, हे आश्नर आणि डॅग्निनी या दोघांनी १९०८ साली नोंदवलं. ऑपरेशन थिएटरात आजही सर्जननं स्नायू ओढला की मॉनिटरचं टिक-टिक एकदम संथ होतं आणि भूलतज्ज्ञ म्हणतात, "जरा सोडा." उलटीचा निरोपही याच वाटेनं जात असावा असं मानतात. आधी औषध दिलं नाही, तर तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर निम्म्याहून जास्त मुलांना उलटी होऊ शकते. म्हणजे उलटी झाली की आईनं "मी काल त्याला चिप्स दिले म्हणून" असं स्वतःला लावून घ्यायचं कारण नाही.

पडद्याचं ऑपरेशन लांबतं. काहींमध्ये डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवतात, तेव्हा स्नायू ओढले जातातच. शिवाय नंतर डोळ्यातला दाब वाढू शकतो. बुबुळ बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये केसाहून बारीक धाग्याचे टाके असतात. तिथे उलटीची शक्यता फार नसली तरी उलटीचा जोर परवडत नाही. आणि डोळ्यातून सतत पाणी येतं म्हणून करतात त्या डीसीआर ऑपरेशनमध्ये नाकातून घशात रक्त उतरतं. ते गिळलं गेलं की पोट ते बाहेर फेकतंच. त्या पेशंटला आधीच सांगून ठेवा, घशात आलेलं गिळायचं नाही, थुंकायचं.

उलटीची एवढी काळजी का? ओकताना छाती-पोट आवळतं, मानेतल्या आणि डोक्यातल्या शिरा फुगतात आणि त्या क्षणी डोळ्यातला दाबही चढतो. ताज्या जखमेतून पाणी झिरपणं, टाका ढिला होणं, आत रक्तस्राव होणं, हे धोके तिथून येतात. एका उलटीनं फेकोचा डोळा बिघडत नाही. पण तासभर चाललेल्या कोरड्या उमाशांची मला खरंच भीती वाटते.

दुसरं काम : न विचारता सांगायच्या गोष्टी

अपफेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञानं १९९९ मध्ये मोठ्या माणसांसाठी एक सोपा हिशेब मांडला. चार प्रश्न: पेशंट बाई आहे का? सिगारेट-बिडी न ओढणारी आहे का? गाडी लागते का, किंवा मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का? आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागणार आहेत का? पूर्ण भूल दिल्यावर एकाही प्रश्नाला 'हो' नसेल तर मळमळ-उलटीची शक्यता दहात एक. एक 'हो' असेल तर दहात दोन, दोन असतील तर चार, तीन असतील तर सहा आणि चारही असतील तर आठ. (बिडी ओढणाऱ्याला उलटी कमी होते हे खरं आहे. आमच्याकडे एका काकांनी ते ऐकून बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं होतं. भूल घेताना त्यांना जो खोकला झाला, तो हिशेबात धरला तर सौदा तोट्याचाच.)

मुलांचा हिशेब वेगळा आहे. वय ३ वर्षं किंवा जास्त, ऑपरेशन ३० मिनिटं किंवा जास्त, ऑपरेशन तिरळेपणाचं, आणि मुलाला स्वतःला किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला ऑपरेशननंतर उलट्या झाल्याचा इतिहास. चारही जुळले तर शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून "सिझेरियननंतर मला दोन दिवस उलट्या होत होत्या" हे आईनं सांगणं मुलाच्या डोळ्यासाठी उपयोगाचं आहे. आया सांगत नाहीत, कारण आपलं काय त्यात, असं त्यांना वाटतं.

आणखी काही गोष्टी कागदावर लिहून आणा. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्याला घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन किंवा त्याची रोजची गोळी, कारण त्यानं पोट रिकामं व्हायला फार वेळ लागतो आणि उपास धरूनही आत अन्न राहू शकतं. हृदयाच्या ठोक्यांची औषधं. सल्फाची ॲलर्जी. मूत्रपिंडाचा त्रास. मागच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घरात कुठेतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत असतंच, ते शोधा.

तिसरं काम : उपास, पण किती?

"रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही" ही जुनी आज्ञा अजून घरोघरी पाळली जाते. त्यामुळे दुपारी दोनला नंबर असलेलं लेकरू चौदा तास कोरडं राहतं. चिडलेलं, सुकलेलं आणि रिकाम्या पोटानं आधीच मळमळणारं. पूर्ण भूल असेल तर साधारण नियम असा: तळलेलं-तेलकट ८ तास आधी बंद, हलकं जेवण आणि वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या हॉस्पिटलनं वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळायची. वेळ घड्याळातली विचारून घ्या, "सकाळपासून" असं मोघम नको.

इथे दोन गफलती नेहमी होतात. एक म्हणजे चहा. आपला चहा दुधाचा असतो, तो पाण्यात मोजत नाहीत, दुधात मोजतात. दुसरी म्हणजे मिसरी आणि तंबाखू. "खाल्लं काहीच नाही, फक्त मिसरी लावली" असं सांगणाऱ्या आज्या मी शेकड्यानं पाहिल्या आहेत. रिकाम्या पोटी ती मळमळ वाढवते. त्या सकाळी नको.

नुसत्या थेंबांवर होणाऱ्या मोतीबिंदूला कित्येक ठिकाणी हलका नाश्ता करून यायला सांगतात. मधुमेही माणसाला विनाकारण उपाशी ठेवलं आणि साखर उतरली, की घाम, थरथर आणि मळमळ आलीच. त्यामुळे "उपाशी यायचं का, आणि गोळी घ्यायची का" हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारा.

आदल्या रात्री मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, असं काही द्या. ऑपरेशन आहे म्हणून आवडीची मिसळ खाऊ घालणारे नातेवाईक असतात. प्रेम समजतं, पण नंतर ट्रे मी धरते.

चौथं काम : भूलतज्ज्ञांशी दोन मिनिटं बोला

त्यांना शिकवायला जायचं नाही, पण विचारायला हरकत नाही: "उलटीची शक्यता जास्त आहे, आधीच काही द्याल का?" धोका जास्त असेल तर ते सहसा एकाच औषधावर थांबत नाहीत. भूल देतानाच डेक्सामेथासोन, ऑपरेशन संपत आलं की ऑन्डान्सेट्रॉन (मोठ्यांना बहुधा ४ मिलिग्रॅम, मुलांना वजनावर), वासाच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर भूल, नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू टाळणं, अफूच्या जातीची औषधं कमीत कमी आणि त्याऐवजी पॅरासिटामॉल किंवा डोळ्याशेजारी बधिरतेचं इंजेक्शन, सलाईन पुरेसं. वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोन-तीन औषधं मिळून एकापेक्षा चांगला परिणाम देतात. डेक्सामेथासोननं साखर थोडी चढते, म्हणून मधुमेह लपवू नका. ऑन्डान्सेट्रॉननं डोकं दुखू शकतं आणि शौचाला घट्ट होतं. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भूल उतरताना

पेशंट बाहेर आला की नातेवाइकांना पहिला प्रश्न पडतो, "चहा केव्हा द्यायचा?" माझं उत्तर ठरलेलं: तो मागेल तेव्हा, आम्ही हो म्हटल्यावर. लहान मुलांना घरी सोडायच्या आधी काहीतरी पाजलंच पाहिजे असा पूर्वी दंडक होता. पुढे लक्षात आलं, की जबरदस्तीनं पाजलेल्या मुलांनाच उलट्या जास्त होतात. सलाईन गेलेलं असतं, ते तासभर प्यालं नाही तर बिघडत नाही. मागितलं की आधी घोटभर पाणी, अर्ध्या तासानं पुन्हा थोडं, मग पेज किंवा बिस्किट. दूध, फळांचा घट्ट ज्यूस आणि आजीनं डब्यात आणलेला शिरा संध्याकाळपर्यंत थांबेल.

डोकं थोडं उंच ठेवा. झटकन उठवून बसवू नका: आधी कुशीवर, मग हळूच बसवायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबायचं. खोलीत सहा माणसं, गजरा, अत्तर, वडापाव, यातलं काही नको. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर मोठ्या माणसांना काही वेळ दोन-दोन दिसतं आणि त्यानंही ढवळून येतं. त्यांना डोळे मिटून पडू द्या. मोबाइल दाखवून मुलाला गप्प करायची युक्ती त्या दिवशी उलटते.

मळमळ सुरू झाली तर सिस्टरला सांगा, उलटी व्हायची वाट बघू नका. "तोंडाला पाणी सुटतंय" असं पेशंट म्हणाला, की ती हाक समजायची. लहान मूल तसं सांगत नाही. ते एकदम शांत आणि पांढरं पडतं, ओठ चाटतं. आम्ही कधी कधी स्पिरिटचा बोळा नाकापासून थोडा लांब धरून दोन-तीन सावकाश श्वास घ्यायला लावतो, त्यानं मळमळ बऱ्याच जणांची पटकन बसते. घरी हे स्वतःहून करू नका, स्पिरिट डोळ्याजवळ नको. मनगटाचा उपाय मात्र तुम्ही करू शकता. तळहाताकडच्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून पेशंटचीच तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबून हळू चोळायचं. याचा उपयोग तपासलेला आहे, अपाय काही नाही, आणि घाबरलेल्या बापाच्या हाताला काम मिळतं.

घरी जाताना

बऱ्याच उलट्या हॉस्पिटलात होतच नाहीत, त्या गाडीत होतात. सकाळी फोन करून गाडीवाल्याला "हळू चालवा" सांगण्यापेक्षा पेशंटला पुढे बसवा, काच थोडी खाली, डोळ्यावर शील्ड (डोळा झाकायची कडक झाकणी) किंवा काळा चष्मा घालून, म्हणजे वारा थेट लागणार नाही. दोन पिशव्या, ओला रुमाल आणि पाण्याची बाटली हाताशी. घर लांब असेल, वाटेत घाट असेल आणि पेशंटला गाडी लागत असेल, तर शक्य झाल्यास एक रात्र गावातच थांबा. गाडी लागण्याची ॲव्होमिन घरात असते, ती विचारल्याशिवाय देऊ नका. भुलेच्या गुंगीवर तिची गुंगी चढते आणि काचबिंदूच्या काही पेशंटना तिच्या जातीची औषधं चालत नाहीत.

पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर घाटाचा प्रश्न निराळाच आहे. उंचावर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढून दुखणं, मळमळ सुरू होते. विमान तर वर्ज्यच. पण मुंबईत ऑपरेशन करून सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला घरी जायचं असेल, तर तेही डॉक्टरांना आधी विचारा. एसएफ-सिक्स गॅस साधारण दोन-तीन आठवडे राहतो, सी-थ्री-एफ-एट सहा ते आठ. तेवढ्या काळात दुसऱ्या कशासाठी भूल घ्यायची वेळ आली तर "डोळ्यात गॅस आहे" हे पहिलं वाक्य. नायट्रस ऑक्साइडनं तो गॅस फुगून नजर जाऊ शकते.

पालथं झोपायला सांगितलेल्यांना भरल्या पोटी आंबट वर येतं. त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, आणि खाल्ल्यावर बसून मान खाली घालून राहणं चालेल का ते विचारून घ्या. बहुतेकदा चालतं.

गोळ्यांमुळे होणारी मळमळ

दुसऱ्या दिवशीच्या मळमळीला भुलेपेक्षा गोळ्याच जास्त कारण असतात. डोळ्यातला दाब उतरवायला देतात ती ॲसिटाझोलामाइड, म्हणजे सगळ्यांची डायमॉक्स. तिनं हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा बेचव लागतो आणि पोटात ढवळतं. खाऊन घ्या. तिच्याबरोबर पोटॅशियमचं पातळ औषध लिहिलेलं असेल तर ते तसंच चमच्यानं पिऊ नका, पेलाभर पाण्यात घालून घोट घोट घ्या. नुसतं घेतलं की चव आणि जळजळ दोन्हींनी उलटी ठरलेली. ट्रॅमाडॉल असलेली वेदनेची गोळी अफूच्याच जातीची आहे. तीच घेतल्यावर ओकारी येत असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, नुसत्या पॅरासिटामॉलवर बऱ्याच जणांचं भागतं. त्रास होतो म्हणून डायमॉक्स मात्र परस्पर बंद करू नका.

थेंबांचंही एक आहे. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात ते उतरतात, काही भयंकर कडू असतात, आणि संवेदनशील माणसाला त्यानंच उमासा येतो. थेंब टाकल्यावर डोळा अलगद मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर स्वच्छ बोटानं मिनिट-दोन मिनिटं हलकं धरलं तर कडवटपणा घशात उतरत नाही. ताज्या ऑपरेशनवर हे कसं आणि केव्हापासून करायचं ते सिस्टरकडून करून दाखवून घ्या. नाकाच्या हाडावर दाबायचं, डोळ्यावर नाही.

आल्याचा छोटा तुकडा, आलेपाक, आवळासुपारी, खायला परवानगी मिळाल्यानंतर खुशाल द्या. आणि शौचाला घट्ट होत असेल तर कुंथू देऊ नका, पाणी आणि गरज पडली तर सारक. कुंथण्याचा जोरही डोळ्यावर येतोच.

उलटी झालीच तर

आपल्याकडे उलटी करणाऱ्याचं कपाळ धरायची आणि पाठीत थोपटायची रीत आहे. पाठीवरून हात फिरवा, पण कपाळ धरू नका, हात शील्डवर आपटतो. पेशंटला बसवून किंचित पुढे झुकवा. झोपलेला असेल तर ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या कुशीवर वळवा. तोंड उघडं ठेवून येऊ द्या, ओठ दाबून रोखायला लावू नका. डोळा हातानं दाबून धरायचा नाही. झाल्यावर तोंडावर पाण्याचे हबके मारायचे नाहीत, ओल्या रुमालानं तोंड पुसा आणि चूळ भरायला द्या. शील्डवर उडालं असेल तर हात धुऊन, सांगितल्याप्रमाणे ते बदला. मग अर्धा तास काही नाही, नंतर घोट घोट पाणी. गोळी उलटीत पडलेली दिसली तर पुन्हा द्यायची का हे विचारून.

पित्त म्हणायच्या आधी

हा भाग मी सगळ्यात शेवटी ठेवला, कारण घाई असली तरी लोक शेवट वाचतात.

डोकं दुखतं आणि उलटी होते, म्हणजे पित्त झालं, हे आपल्याला आजीपासून पाठ आहे. सोडा द्यायचा, कोकम सरबत द्यायचं, खोलीत अंधार करायचा, झोपवायचं. डोळ्यातला दाब एकदम वाढला की हुबेहूब हेच होतं: कपाळाच्या एका बाजूला ठणका, मळमळ, उलट्या. कधी कधी पोटाचा त्रास इतका पुढे असतो की डोळ्याचं नावच निघत नाही. काचबिंदूचा अचानक झटका आलेले लोक पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात ते याचमुळे. ऑपरेशन झालेल्या घरात ही चूक महाग पडते. दाब तासन्‌तास चढलेला राहिला तर डोळ्याची नस मरते, आणि ती परत येत नाही.

तेव्हा उलटी झाली की बॅटरी आणा, शील्ड हलकेच बाजूला करायची परवानगी असेल तर बघा आणि विचारा. ठणका वाढतोय का, गोळीनं कमी होत नाही का? सकाळी दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसतंय का, बोटं मोजता येतात का? दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात का? बुबुळ धुरकट, डोळा जास्त लाल? यातल्या एकालाही 'हो' असेल तर रात्रीचे दोन असोत, हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं. डोळा शांत असूनही चार-पाच तासांत तीन-चार उलट्या झाल्या, पाणी टिकत नाही, मुलाची लघवी कमी झाली, ते गळून पडलं, किंवा उलटीत ताजं लाल रक्त दिसलं, तरीही तसंच.

फोनवर घाबरून "उलटी झाली हो" एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला काही ठरवता येत नाही. नाव, कोणता डोळा, कोणतं ऑपरेशन, केव्हा झालं, किती उलट्या, दुखतंय का, दिसतंय का, शेवटची गोळी कोणती आणि किती वाजता. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा, आणि रात्रीचा नंबर कार्डावर छापलेलाच असेल असं धरून चालू नका, निघायच्या आधी काउंटरवर विचारून लिहून घ्या.